डबा रिकामा पाठव

बालीगंज, ६ जुलै

मंजू,

आशीर्वाद आहेतच, ते काय दर वेळी लिहायचे. मुद्द्याचं लिहिते.

फोन का केला नाही म्हणशील. कानातलं मशीन फोनजवळ नेलं की शिट्टी मारतं, आणि मोबाइलवर लिहायला गेले तर बोट एका अक्षरावर आणि उमटतं दुसरंच. त्यापेक्षा कागद बरा. सातवीपर्यंतची शाळा अजून पुरतेय. आपले जावई सुश्रुतराव, त्यांच्या ऑफिसातला तो अविनाश आमच्याच बिल्डिंगमध्ये राहतो, रोज न्यू टाउनला जातो. तो डबा आणून देईल, डब्यावर पत्र. तू पण त्याच्याच हाती पाठव.

परवा तुम्ही आलात तेव्हा मधूच्या पुढ्यातली शंकरपाळ्यांची बशी तू उचललीस, ते मला आवडलं नाही. नऊ वर्षांची पोर. नुसती बशी जाते तिकडे बघत राहिली. रडली असती तर मला कमी लागलं असतं.

डॉक्टर म्हणाला गहू बंद, जन्मभर बंद. सिलिॲक का काय ते नाव. मंजू, नाशकात आपल्या घरी दोन्ही वेळा पोळ्या व्हायच्या. पोळ्या खाऊन कुणी आजारी पडलेलं मी बघितलं नाही. तुझा बाप तर नऊ-नऊ खायचा. पण डॉक्टरपुढे माझं कोण ऐकतं. म्हणून नाचणीची बिस्किटं पाठवतेय. दुकानदाराला दोनदा विचारलं, नाचणीचीच आहेत. आता तरी पोरीला खाऊ दे.

दुर्गापूजेच्या सुट्टीत ती चार दिवस माझ्याकडे येणार हे विसरू नकोस. हे गेल्यापासून मी पूजेत मांडवाकडे फिरकले नाही. एकटीने काय बघायचं? या वर्षी दोघी जाणार आहोत. पलंगावर नवी गादी घातली सुद्धा.

आत्या

*

न्यू टाउन, १० जुलै

प्रिय आत्या,

तुझं पत्र मधूने मोठ्याने वाचून दाखवलं. तिचं मराठी अडखळतं, पण तुझं अक्षर तिला लागतं.

रागावू नकोस, बिस्किटं दिली नाहीत. पुडा उलटा करून बघितला. समोर नाचणीचं चित्र एवढं मोठं, आणि मागे पहिलंच नाव मैद्याचं. नाचणी पाचवी, नावाला.

आत्या, हे लाड नाहीत गं. दोन वर्षं तिचं वजन वाढत नव्हतं, पोट फुगायचं, केस गळायचे, आणि आपण सगळे म्हणत होतो पोरगी खात नाही. ती खात होती, तिच्या आतड्याला गहू सोसतच नव्हता. रक्त तपासलं, घशातून नळी घालून आतलं बघितलं, तेव्हा कळलं. गहू, रवा, मैदा, जव, काही नाही. चिमूटभर सुद्धा नाही. एवढ्याशा कणाने पुन्हा आतून सोलवटतं. बंद केल्यापासून मात्र गालावर जरा मांस दिसतंय.

जेवणाचं जमतं. भात आहे, भाकरी आहे. अडतं ते मधल्या खाण्यावर. शाळेच्या डब्यात रोज काय देऊ? आमच्या मजल्यावरच्या कादंबरीचा, मधूच्या मैत्रिणीचा, वाढदिवस झाला. केक, पॅटिस, रोल. मधू एक केळं घेऊन कोपऱ्यात बसली. परवा दुसऱ्या मैत्रिणीचं बोलावणं आलं तर म्हणाली, "आई, मला नाही जायचं, माझं पोट दुखतं." पोट दुखत नव्हतं.

पूजेचं अजून नक्की म्हणत नाही. आमच्या दोघांची कामं परदेशातल्या कंपन्यांची, त्यांना पूजा नाही, म्हणून तुझ्याकडे ठेवणं सोयीचं आहे. पण चार दिवस, तेही पूजेतले, जिकडेतिकडे तळण. मला धीर होत नाही. बघू.

डबा रिकामा कसा पाठवू? ऑफिसखालच्या मिठाईवाल्याकडच्या तुझ्या आवडीच्या खाऱ्या निमक्या घातल्यात. घरात मैदा येऊ देत नाही, म्हणून तिथेच उभी राहून डब्यात भरून घेतल्या आणि तशाच अविनाशच्या हाती दिल्या.

तुझी,
मंजू

*

बालीगंज, २० जुलै

मंजू,

निमक्या पोचल्या. खुसखुशीत आहेत, ओवा जरा जास्त. दोन दिवसांत संपवल्या.

त्या बिस्किटवाल्याकडे जाऊन आले. म्हटलं, मैद्याचं बिस्किट नाचणीचं म्हणून विकतोस, लाज वाटत नाही? तो म्हणतो, मावशी, कंपनी लिहिते, मी फक्त विकतो. म्हटलं, मग तू वाच तरी. दुकानातली सगळी माणसं मागे वळून आपापले पुडे वाचायला लागली.

तुझं पत्र दोनदा वाचलं. ते नळीचं मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. एवढ्याशा पोरीच्या घशातून नळी घातलीत आणि मला म्हणालात, "जरा तपासणी आहे." असो.

आता एक सांग. तांदूळ चालतो? पोहे चालतात? डाळी चालतात? शेंगदाणे, खोबरं, साबुदाणा, राजगिरा, ज्वारी? मग रडतेस कशाला? मराठी बाईला फराळाला आणखी काय लागतं? तुम्ही दुकानात उभ्या राहून पुडे उलटेसुलटे करता, आणि घरात कढई पालथी पडलेली असते.

चिवडा पाठवतेय. पातळ पोहे, नवं तेल, कढीपत्ता घरच्या कुंडीतला. गव्हाच्या नावाने त्यात काही नाही. दे पोरीला. आणि "बघू" काय? पूजा म्हणजे पूजा. बघू हा शब्द मला आवडत नाही.

आत्या

*

न्यू टाउन, २५ जुलै

प्रिय आत्या,

चिवड्याचा वास घरभर सुटला. मधू डबा मांडीवर घेऊन बसली. आणि मला आठवलं, तू चिवड्याच्या फोडणीत हिंग घालतेस.

हिंगाची डबी बघ. आपण वापरतो तो बांधणीचा हिंग, त्यात बहुतेक वेळा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं. मलाही आधी माहीत नव्हतं. घरातली डबी मागच्याच महिन्यात टाकली.

मी डबा तिच्या हातातून काढून घेतला. या वेळी रडली. "आजीने माझ्यासाठी केलंय ना?" म्हणत रडली. शेवटी आम्ही दोघांनी चिवडा ऑफिसात नेला, मुठी-मुठीने संपला. तुला सांगायचं नव्हतं, पण खोटं तरी किती सांगू?

तू रागावशील. रागाव. पण आत्या, खरंच आता काही पाठवू नकोस. तू केलंस आणि तिला मिळालं नाही, की तिला दुप्पट लागतं.

डब्यात नेहमीच्या निमक्या. ओवा कमी घाल म्हणून सांगून आले.

मंजू

*

बालीगंज, २६ जुलै

मंजू,

हिंगात गहू! उद्या म्हणशील मिठात मैदा. मी तुझ्या जन्माआधीपासून हिंग वापरतेय.

आत्या

*

बालीगंज, ३ ऑगस्ट

मंजू,

भिंग घेऊन डबी वाचली. आहे. गव्हाचं पीठ. तिसऱ्या ओळीत, मुंगीएवढ्या अक्षरात. म्हणजे एवढी वर्षं मी वरणात, आमटीत, लोणच्यात पीठ घालत होते आणि हिंगाचे पैसे देत होते. डबी खिडकीतून फेकणार होते, खाली शेजारच्या मुखर्जीबाई उभ्या होत्या म्हणून केरात टाकली. खडा हिंग आणलाय. फोडताना बत्ता बोटावर बसला, पण वास असा की जिन्यापर्यंत गेला.

काही पाठवू नकोस म्हणालीस. ते मी वाचलं नाही असं समज.

आता ऐक मी काय केलं. चकलीची भाजणी गिरणीत दिली नाही, तिथे दिवसभर गहूच दळतात. घरी भाजली, नव्या मिक्सरमध्ये काढली. नवी कढई, नवा झारा, नवा सोऱ्या. ते वरच्या फळीवर वेगळे ठेवलेत. कामाला येते तिला सांगितलं, त्या फळीला पोळीचा हात लावायचा नाही. ती म्हणते, "मासीमा, एवढी कडक पूजा कुणाची?" म्हटलं, मधूची.

मला हसू आलं. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंचं सोवळं होतं. वेगळी भांडी, वेगळी फळी, ओलं नेसून स्वैपाक, शिवलीस तर पुन्हा आंघोळ. ह्यांची बदली इकडे झाली तेव्हा हावड्याला गाडीतून उतरता उतरता ते सगळं सोडून दिलं होतं. आणि आता या वयात मी परत सोवळ्यात! पण सासूबाईंना तरी कुठे माहीत होतं कशासाठी करतोय. मला माहीत आहे. म्हणून जड जात नाही.

चकल्या पाठवतेय. तांदूळ, चणाडाळ, मूगडाळ, उडीदडाळ, धणे, जिरे, तीळ, तिखट, मीठ, खडा हिंग. आणखी काही नाही. शोध काय शोधायचं ते. पण या वेळी तिच्या हातातून डबा काढून घेतलास तर मी स्वतः टॅक्सी करून न्यू टाउनला येईन.

आत्या

*

न्यू टाउन, १२ ऑगस्ट

प्रिय आत्या,

कसं लिहू कळत नाही.

मी तुझी यादी वाचली, एकेक नाव तपासलं, कुठेच अडलं नाही. मधूला चकल्या दिल्या. इतक्या दिवसांत तिला असं खाताना बघितलं नव्हतं. एक तोंडात, एक हातात, एक फ्रॉकच्या खिशात. शाळेच्या डब्यात पण नेल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी शाळेतून फोन आला. उलट्या, पोट फुगलेलं, चेहरा पांढरा. तीन दिवस शाळा बुडाली. डॉक्टर म्हणाले, कुठून तरी गहू गेलाय. त्या दोन दिवसांत तिने बाहेरचं काहीच खाल्लं नव्हतं. आता बरी आहे.

मी तुला दोष देत नाही. तू जिवाचं रान केलंस. कुठेतरी, काहीतरी राहून गेलं असेल. पण पूजेला तिला पाठवायचं मी रद्द केलंय. इथेच ठेवेन, तिला सांभाळायला एक बाई बघतेय. सुश्रुतही तेच म्हणाला. तुझी नवी गादी डोळ्यांपुढे येते, पण माझा इलाज नाही.

मधू विचारत होती, "आजी पण आता मला काही देणार नाही का?"

डब्यात तुझं नेहमीचं आहे.

मंजू

*

न्यू टाउन, २ सप्टेंबर

आत्या,

तीन आठवडे झाले, पत्र नाही. गणपतीला मंडळात पण दिसली नाहीस. अविनाश म्हणतो तब्येत बरी आहे, पण दार अर्धंच उघडतेस. रागावली आहेस का? दोन ओळी लिही.

मंजू

*

बालीगंज, ६ सप्टेंबर

मंजू,

रागावले नव्हते. घाबरले होते. हे मी कुणाला सांगत नाही, तू पण सांगू नकोस.

पोर माझ्या हातचं खाऊन पडली. मग गणपतीला कोणत्या तोंडाने येऊ? मंडळातल्या बायका विचारणार, मोदक केलेत का? कढईकडे बघवत नव्हतं. पुन्हा पुन्हा आठवत बसले, काय चुकलं? तिळात होतं? तिखटात होतं? तिखट मी स्वतः कुटलेलं. तेल नवं. हात धुतलेले. मिक्सर नवा.

तुझ्या निमक्यांना पण हात लावला नव्हता. तोंडाला चवच नव्हती. डबा तसाच कोपऱ्यात. काल मुखर्जीबाई चहाला आल्या, द्यायला घरात दुसरं काही नव्हतं, म्हणून डबा उघडला. निमक्या मऊ पडल्या होत्या. बशीत ओतल्या. डबा नेहमीसारखा फडक्याने पुसला आणि मुखर्जीबाईंशी बोलता बोलता उन्हात पालथा घातला.

बाई गेल्या. डबा उचलला, तर खाली फरशीवर चुरा. झाकण ठोकलं, आणखी चुरा. झाकणाची कड आत दुमडलेली आहे बघ, तिथे फडकं पोचतच नाही. नखाने उकरलं तर पिवळा-पिवळा मैदा निघाला, चिमूटभर. तू म्हणतेस ना, चिमूटभर सुद्धा नाही? ती हीच चिमूट.

आता डोळ्यांपुढे आण. मी डबा भरून पाठवते. तू रिकामा पाठवायचा नाही म्हणून निमक्या भरतेस. मैदा घरात नको म्हणून दुकानात उभी राहून भरतेस, केवढी हुशारी! मी निमक्या खाते, कोरडाच तर खाऊ होता, धुवायचं काय त्यात, म्हणून फडकं फिरवते. आणि त्याच डब्यात, वरच्या फळीवरून सोवळ्याने उतरवलेल्या चकल्या भरते. कढई नवी, सोऱ्या नवा, मिक्सर नवा. आणि डबा? डबा तुझ्या आजीच्या वेळचा.

मी खुर्चीत बसले आणि हसले. एकटीच. मग थोडं रडले, पण हसले जास्त.

अर्धं तुझं, अर्धं माझं. भांडायला जागा नाही. तुझी आजी म्हणायची, शेजारणीचा डबा रिकामा परत करणाऱ्या घरात बरकत राहत नाही. ती वरून बघत असेल तर बघू दे. आजपासून माझा डबा रिकामा पाठवायचा. तू साबण लावून धू, मी परत धुते. दुमडीचं झाकण मी भंगारात दिलं, सरळ कडेचा डबा घेतलाय.

आता पूजेचं बोल. आणि "बघू" लिहू नकोस.

आत्या

*

न्यू टाउन, ८ सप्टेंबर

आत्या गं,

ऑफिसात वाचलं आणि एवढ्या मोठ्याने हसले की शेजारचा विचारायला लागला काय झालं. त्याला काय सांगू? मी महिनोन्‌महिने पुड्यांवरची बारीक अक्षरं वाचतेय आणि गहू माझ्याच हाताने भरून पाठवतेय! डबा रिकामा जाऊ नये एवढंच डोक्यात. आईने शिकवलेलं, तिला आजीने. कधी विचार सुद्धा केला नाही.

तुला तीन आठवडे एकटीला घाबरत ठेवलं, ते मला फार लागलं.

मधूला पंचमीला संध्याकाळी आणून सोडते. अटी घालत नाही. एकच सांगते, मांडवाबाहेरची भजी बेसनाची असली तरी ज्या तेलात सिंगाडे, म्हणजे समोसे, तळतात त्याच तेलातली असतात. ती नको. बाकी तुझं घर, तुझी फळी.

ती बाई नको म्हणून कळवलं. मधूने पिशवी आत्ताच भरून ठेवलीय, पूजेला अजून दिवस आहेत तरी.

मंजू

*

बालीगंज, नवमी, सकाळ

मंजू,

पोर झोपलीय, तोवर लिहिते. काळजी करत असशील. करू नकोस. पोट ठीक, तोंड अखंड चालू.

पहिल्या दिवशी मांडवात गेलो. भोगाची पंगत बसली, खिचडी आली. मी उठून थेट आचाऱ्याकडे. म्हटलं, हिंग घातलाय का? तो म्हणाला, नाही, आलं-जिरं. म्हटलं, पुऱ्या कुठे तळता? म्हणाला, त्या तिकडे, लुच्या वेगळ्या. म्हटलं, वाढणारा हात? तेव्हा तो माझ्याकडे बघत राहिला. मग स्वतः हात धुऊन, वेगळ्या पळीने मधूच्या पानात खिचडी घालून गेला. माझं बंगाली अजून धेडगुजरी आहे, पण आवाज मोठा आहे. पोर खाली मान घालून म्हणे, "आजी, सगळे बघतायत." म्हटलं, बघू देत, फुकट आहे.

दुसऱ्या दिवशी झालमुडीवाल्यापाशी थांबली. मागितलं नाही, नुसती थांबली. कुरमुऱ्यांच्या त्या मिसळणात शेव-चणाचूर काय काय असतं, कोण विचारत बसणार. म्हटलं, चल, घरी मुडी आहे, कांदा, मिरची, मोहरीचं तेल, करून देते. तर म्हणते, "आजी, पण ते वाटीत असतं."

तेव्हा मला कळलं. तिला मुडी नको होती, कागदाचा ठोंगा हवा होता. सगळ्यांच्या हातात असतो तसा. मी मुडीवाल्याकडून दोन कोरे ठोंगे मागून घेतले, घरी मुडी कालवली, ठोंग्यात भरली आणि परत मांडवात येऊन उभ्या राहिलो. दोघी, ठोंग्यातून खात, गर्दीत. तिच्यासारखं तोंड मी या पूजेत देवीचं पण बघितलं नाही.

काल तुमच्या मजल्यावरची ती कादंबरी आईबरोबर बालीगंजचे देखावे बघायला आली. मधूच्या हातात चकल्यांचा डबा. आता ही लपवणार, मला वाटलं. पण कादंबरीनेच हे काय म्हणून विचारलं, "ए की रे?" एक घेतली. मग दुसरी. मग तिने आपला रोल आईच्या हातात दिला आणि दोन्ही हातांनी चकल्या. मी लगेच पाणी घेऊन तिचे हात धुवायला लावले, रोलचे होते ना. चार पोरं जमली. सगळ्यांचे हात धुतले. आता मांडवात मला हातधुणी आजी म्हणतात. म्हणोत.

उरलेल्या चकल्या तिच्याबरोबर देते. डब्याचं लक्षात आहे ना?

आत्या

*

न्यू टाउन, ७ ऑक्टोबर

आजी,

हे पत्र मी लिहिते, आई फक्त चूक बघते.

डबा खाली आहे. आई बोलली काहीच नाही घालायचं, आजीचा हुकूम. मी स्वतः धुतला, दोन बार. झाकण पण. कोपऱ्यात जुन्या ब्रशने.

शाळेत मी चकली नेली. सर्वांनी मागितली. आधी मी त्यांना हात धुवायला लावले, तुझ्यासारखं ओरडून. टिफिन संपायच्या आधी चकली संपली, मला फक्त दोन मिळाल्या. पुढच्या आठवड्यात श्रेयाचा वाढदिवस आहे. मी हो बोलले. तिची आई बोलली, तू तुझं खाऊ आण आणि सगळ्यांसाठी आण.

तुझ्यासाठी एक पण चकली राहिली नाही. सॉरी.

मधू

*

बालीगंज, ९ ऑक्टोबर

मधू,

डबा पोचला. उघडून बघितला. आत काही नव्हतं. एवढा लख्ख धुतलास की तळाशी माझंच तोंड दिसलं, आणि ते चांगलं हसत होतं. आजवर माझ्या घरी रिकामा डबा कधी आला नव्हता. आला तेव्हा कळलं, रिकामा म्हणजे काय असतो.

चकली संपली म्हणून सॉरी कसली म्हणतेस? उरली असती तर मी रागावले असते.

श्रेयाकडे किती पोरं येणार ते आईला विचारून कळव. अविनाशला सांगितलंय, या वेळी दोन डबे न्यायचे. तेल तापलंय, पत्र पुरे.

आजी